गॅलरी ठेवायची की हॉलमध्ये घ्यायची?

मृद्गंध · रविवार, रात्री १०:१२

आमची गिरगावातली चाळ रिकामी करून दोन वर्षं झाली. नव्या इमारतीचे नकाशे आता पक्के होतायत. सोसायटीने आमच्या रांगेतल्या अठरा घरांकडून पुढच्या रविवारपर्यंत एका गोष्टीचं लेखी उत्तर मागितलंय: हॉलपुढची चार फुटांची गॅलरी तशीच ठेवायची, की भिंत पुढे सरकवून ती जागा हॉलमध्ये घ्यायची. रांगेत वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं सारखंच होणार, त्यामुळे जिकडे दहा मतं पडतील तसं बांधतील. व्हॉट्सॅपच्या गटात बहुतेकांचा कल हॉलकडे दिसतोय. आई मात्र गॅलरीवर अडून बसली आहे.

चाळीत आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथं. अकरा बिऱ्हाडांपुढून जाणारी एकच लांब गॅलरी आणि टोकाला संडास. कठड्यावरची आडवी फळी इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. आमच्या दारासमोर ती किंचित खोलगट होती. आई रोज सकाळी साडेसहाला दार उघडून तिथेच कोपर टेकून उभी राहायची. दूधवाला कुठवर आलाय बघायचं, समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे बघून मान हलवायची आणि आत यायचं. दोन मिनिटांचं काम. त्या दोघी एकमेकींच्या घरी फार तर हळदीकुंकवाला गेल्या असतील.

२०१६ च्या पावसाळ्यात एका सकाळी आई मोरीत घसरून पडली. खुबा मोडला. दार आतून बंद, मी ठाण्याला, भाऊ परदेशी. सात वाजायच्या आत त्या काकूंचा मुलगा आमचं दार ठोठावत होता. काकूंनी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं होतं, कारण "ती आज दिसली नाही".

सध्या आम्ही भाड्याच्या घरात चौदाव्या मजल्यावर आहोत. सरकत्या काचा, बाहेर जाळी, समोर आभाळ. परवा आई म्हणाली, "इथे मी उठले नाही तर कुणाला कळायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी दिवसभर ऑफिसात असते.

तेव्हापासून गॅलरी डोक्यातून जात नाहीये. आपण तिथे बघायला जातो खरं, पण मला वाटायला लागलंय की तिचं मोठं काम आपण कुणाला तरी दिसत राहणं हे आहे. मतदानासाठी सल्ला हवाच आहे. पण ज्यांना या विषयातलं काही ठाऊक आहे, मग ते चित्रांतलं असो, वाड्यांतलं, बांधकामातलं किंवा आपल्या घरातलं, त्यांनी सगळं इथे लिहावं. आईला वाचून दाखवणार आहे.

पिंपळपान · रविवार, रात्री १०:५०

हॉलमध्ये घेऊ नका. आम्ही घेतली होती. डोंबिवली, २००९. पहिले सहा महिने हॉल केवढा मोठा वाटला. मग तिथे सोफा आला, सोफ्यामागे शिवणयंत्र आलं, आणि खिडकीपर्यंत हातच पोचेना. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून ते बेडरूममध्ये दोरीवर. कुंड्या शेजारच्यांना देऊन टाकल्या.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळीकडे थाळ्या वाजत होत्या. आम्ही काच सरकवून जाळीतून एक हात बाहेर काढून ताट वाजवलं. आवाज चोहीकडून येत होता, पण माणूस एकही दिसला नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरी तशीच ठेवली होती, ते म्हणे समोरच्या दोन्ही इमारतींतल्या लोकांना हात करत होते. त्या दिवशी आपण काय घालवलंय ते कळलं.

बखरवाचक · रविवार, रात्री ११:३५

"ती आज दिसली नाही" हे वाचलं आणि शाहजहान आठवला.

मुघल बादशहा रोज सकाळी झरोक्यात येऊन लोकांना दर्शन देत. अकबराने ही रीत पाडली, पुढे जहांगीर आणि शाहजहानने चालवली. खाली मैदानात जमणाऱ्यांमध्ये काही असे होते की बादशहाचं तोंड पाहिल्याशिवाय अन्नाला शिवत नसत. त्यांना 'दर्शनिया' म्हणत. झरोका म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला छोटा सज्जा, वर छत्री, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. पण सबंध राज्याला रोज तिथून एकच निरोप जायचा: बादशहा जिवंत आहे, धडधाकट आहे.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान दिल्लीत आजारी पडला आणि झरोक्यात येईनासा झाला. काही दिवसांतच तो गेल्याची आवई उठली. थोडं बरं वाटल्यावर तो लोकांसमोर आलासुद्धा, पण बातमी केव्हाच पुढे निघून गेली होती. बंगालात शुजा, गुजरातेत मुराद आणि आपल्या इकडे दख्खनच्या सुभ्यावर औरंगजेब. हे तिघेही मुलगे सैन्य घेऊन निघाले आणि वारसाहक्काचं युद्ध पेटलं. युद्धाची कारणं अर्थात खोल होती, थोरला भाऊ दारा शुकोह याच्यावरचा राग जुनाच होता. पण ठिणगी पडली ती रिकाम्या झरोक्यामुळे. पुढे गादीवर आल्यावर औरंगजेबानेच ही प्रथा बंद केली. माणसाने माणसाची पूजा करावी असं तिचं रूप त्याला धर्माला धरून वाटलं नाही.

इंग्रजांनी मात्र ती नेमकी हेरली. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी आलेले पंचम जॉर्ज आणि राणी मेरी लाल किल्ल्याच्या झरोक्यात बसून खाली जमलेल्या लोकांना दिसले होते.

तुमच्या आईला सांगा, त्या रोज सकाळी साडेसहाला झरोका-दर्शन देत होत्या.

ओटीवरची · सोमवार, सकाळी ७:०५

वरचा प्रतिसाद सुंदर!

भाषेचं एक निरीक्षण. मराठीत आपण घराला 'गॅलरी' म्हणतो, आणि 'बाल्कनी' म्हटलं की नाट्यगृहातल्या वरच्या खुर्च्या आठवतात. "बाल्कनीची तिकिटं मिळाली" असंच म्हणायचे माझे बाबा. 'सज्जा' वाड्याबरोबर गेला. बिल्डरांच्या पत्रकात आता 'डेक' आणि 'सिटआउट' आलेत. पण भांडताना अजून तोंडात गॅलरीच येतं: "गॅलरीतून पाणी कुणी टाकलं रे?"

जुनापुणेकर · सोमवार, सकाळी ९:२०

वाड्याबद्दल थोडं लिहितो, कारण गॅलरी रस्त्याकडे तोंड करून बसायला शिकली ती फार जुनी गोष्ट नाही.

पेशवाई वाड्याचं तोंड आत असतं. बाहेरून दगड-विटांची बंद भिंत, एक दार, त्यात दिंडी म्हणजे छोटा दरवाजा. सगळं जगणं चौकाभोवती. पहिल्या मजल्यावरचे सज्जे या चौकावर उघडतात, म्हणजे घरातल्या बायका वरून घरातलंच बघणार. बाहेरच्यांनी आत बघायचं नाही, आतल्यांनी बाहेर दिसायचं नाही. त्या धामधुमीच्या काळात त्याला संरक्षणाचंही कारण होतं.

म्हणून पुण्यातला विश्रामबागवाडा बघताना मला दर वेळी थांबायला होतं. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. दर्शनी बाजूला कोरीव लाकडी सज्जा थेट रस्त्यावर पुढे आलेला आहे. सुरूच्या आकाराचे खांब, लाकडात उतरवलेली केळफुलं. बंद भिंतीच्या शेजारपाजारात हा वाडा रस्त्याला तोंड दाखवत उभा राहिला. बाजीरावाबद्दल इतिहासाने काय म्हणायचं ते म्हणावं, त्या सज्जाखाली उभं राहून वर बघताना मला फक्त सुताराचे हात दिसतात.

नंतर पेठांमध्ये भाडेकरू वाढले, एका वाड्यात दहा बिऱ्हाडं झाली, आणि रस्त्याच्या अंगाला लांब लाकडी गॅलऱ्या आल्या. गणपतीची मिरवणूक बघायला आमच्याकडे लक्ष्मी रोडच्या गॅलरीत आदल्या रात्रीपासून पाहुणे मुक्कामाला असत. पोरांना कठड्याजवळ पुढे बसवायचं, म्हाताऱ्यांना खुर्च्या, बाकीचे उभे. वाडा गेला, पाहुणेही आता टीव्हीवर बघतात.

निशिगंधा_७ · सोमवार, दुपारी १:४०

मला या धाग्यावर वेगळं बोलायचंय आणि ते मनापासून बोलतेय, कुणाला दुखवायचं नाही.

मीही चाळीत वाढले, लालबागला. सामाईक गॅलरीने मला जे दिलं ते मृद्गंध यांनी लिहिलंच आहे: आजारपणात डबे, परीक्षेच्या वेळी समोरच्यांनी बंद केलेला रेडिओ, कुरडया राखायला बसलेली सगळी लहान पोरं. पण त्याच गॅलरीने मला वयाच्या तेराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मोजलं. किती वाजता आली. कुणी सोडलं. ओढणी कशी घेतली होती. कॉलेजमधला एक मुलगा वही द्यायला एकदा खाली आला, जिना चढलाही नाही. मी घरात पोचायच्या आधी ते आईच्या कानावर गेलं होतं. माझ्या खोलीपर्यंत जायला सात दारांवरून जावं लागायचं आणि प्रत्येक दारात कुणीतरी पाट टाकून बसलेलं असायचं. मी मान खाली घालून चालायला तिथे शिकले. ती सवय मोडायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

दिसणं ही सोय आहे, पण कुणाला दिसायचं आणि कधी, हे ठरवणं आपल्या हातात असेल तरच. तुमच्या आई साडेसहाला स्वतःहून बाहेर येत होत्या. मला रोज दिसावंच लागत होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर स्वतःची, स्वतःच्या दारामागची गॅलरी जरूर घ्या. सामाईक गॅलरीसाठी मात्र मी कधी रडणार नाही.

मृद्गंध · सोमवार, संध्याकाळी ७:१५

निशिगंधा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मीही त्याच सात दारांवरून गेलेय, आमच्याकडे ती तीन होती एवढंच. आठवण काढताना मी ते सोयीस्करपणे वगळलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मीपण त्या दारातच बसायचे की." बराच वेळ आम्ही त्यावरच बोलत होतो.

चाफेकळी · सोमवार, रात्री ९:३०

चित्रांबद्दल विचारलंत म्हणून. फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं 'बाल्कनी' हे चित्र जालावर शोधून आईंना जरूर दाखवा. १८६९ मध्ये ते पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात लागलं, आज ओर्से संग्रहालयात आहे. भडक हिरवा लोखंडी कठडा, हिरव्याच झडपा, त्यामागे पांढऱ्या कपड्यांतल्या दोघी आणि एक पुरुष. मागच्या अंधारात एक पोरगा, जेमतेम दिसणारा. स्पॅनिश चित्रकार गोयाने सुमारे पन्नास-साठ वर्षं आधी बाल्कनीतल्या स्त्रिया रंगवल्या होत्या, त्यावरून मानेला हे सुचलं. पण गोयाच्या बायका एकमेकींना खेटून बसल्या आहेत. मानेची माणसं एकाच कठड्यामागे असून तीन दिशांना बघतायत. कुणी कुणाशी बोलत नाही. लोकांना तेव्हा हे चित्र खटकलं, कारण त्यात काही 'घडत' नाही. मला वाटतं मोठ्या शहरात आपण गॅलरीत जसे उभे असतो तसंच ते आहे: सगळ्यांना दिसणारे आणि आपल्यापुरते.

१९५० मध्ये चित्रकार रने माग्रितने हेच चित्र पुन्हा रंगवलं. तोच कठडा, त्याच झडपा, त्याच जागा. फक्त माणसांच्या जागी शवपेट्या. बसलेल्या बाईची पेटीसुद्धा बसल्यासारखी वाकलेली आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात खड्डा पडला होता. मृद्गंध, तुमच्या आईचा प्रश्न वाचून मला तेच चित्र आठवलं, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मानेच्या चित्रात पुढे बसलेली, काळ्याभोर डोळ्यांची बाई म्हणजे बर्थ मोरिसो. ती स्वतः चित्रकार होती. मानेसाठी त्या कठड्याशी बसल्यावर दोन-तीन वर्षांनी, १८७१-७२ च्या सुमारास, तिने आपलं बाल्कनीचं चित्र काढलं. आणि ती आपल्याला रस्त्यावर उभं करत नाही, बाल्कनीत घेऊन जाते! काळ्या पोशाखातली बाई कठड्यावर रेललेली आहे. शेजारी एक छोटी मुलगी, तिचं डोकं कठड्याच्या वर पोचत नाही, म्हणून ती गजांमधून पॅरिसकडे बघतेय. दूर नदी, एक सोनेरी घुमट. जिला दुसऱ्याने बाल्कनीत बसवून रंगवलं, तिने पुढे बाल्कनीतून काय दिसतं ते रंगवलं. निशिगंधा जे म्हणतेय त्याच्या हे फार जवळचं आहे असं मला वाटतं.

बार्देसकर · मंगळवार, सकाळी ८:१०

आमच्या गोव्यातल्या 'बाल्कांव'बद्दल इथे कुणी लिहीना म्हणून मीच लिहितो. शब्द पोर्तुगीज, 'बाल्कनी'चाच भाऊ, पण वस्तू निराळी. बाल्कांव उंचावर लटकत नाही. चार पायऱ्या चढून घराच्या पुढल्या दारात येता, तिथेच वर कौलांचं छप्पर आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेल्या बैठका. या बैठकांना सोपो म्हणतात. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी घरातली म्हातारी माणसं तिथे येऊन बसणार. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जाणार, पाव आणणारा पोदेरसुद्धा.

आणखी एक गोष्ट बघा. आमच्याकडल्या जुन्या हिंदू घरांत राजांगण असतं, म्हणजे घराच्या पोटात उघडा चौक, मध्ये तुळशीवृंदावन. तोंड आत, तुमच्या वाड्यासारखंच. ख्रिस्ती घरांनी पोर्तुगीज काळात तोंड रस्त्याकडे केलं आणि बाल्कांव आलं. एकाच वस्तीत, एकाच मातीची दोन घरं, एक आत बघतं आणि एक बाहेर. आमच्या शेजारच्या मावशीचं बाल्कांव आणि आमचं राजांगण यांच्यात माझं लहानपण गेलं. शाळेची गोष्ट सांगायला मी मावशीकडे पळायचो, आणि रडायचं असलं की राजांगणात.

आता मावशीची मुलं परदेशी. घर बंद. सोपोवर वाळकी पानं साठतात, ती मी अधूनमधून झाडून काढतो.

नायगावकर · मंगळवार, सकाळी ११:४५

चाळ म्हटलं की सगळे बाहेरची लाकडी गॅलरी समजतात. आमच्या बीडीडी चाळींना ती नव्हती. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या २०७ इमारती, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला. तळमजला अधिक तीन, मधून लांब व्हरांडा आणि दोन्हीकडे समोरासमोर खोल्या. एका मजल्यावर वीस, इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फूट. व्हरांड्यात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. त्यातच आम्ही क्रिकेट खेळलो, त्यातच लग्नाच्या पंगती बसल्या, उन्हाळ्यात त्यातच अंथरुणं पडली. पण तिथून रस्ता दिसत नसे. रस्ता बघायचा तर खाली उतरायचं. आमची सगळी पिढी म्हणून नाक्यावर वाढली असं मला वाटतं.

वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. माझा मावसभाऊ तिथे राहायला गेलाय. फोनवर म्हणाला, घर एक नंबर, संडास घरात, आई खूश. मग म्हणाला, "दार लावलं की आवाजच येत नाही रे." मी तिथे गेलो तेव्हा त्याचं दार उघडंच होतं.

सळईवाला · मंगळवार, रात्री ८:२५

वीस वर्षं स्ट्रक्चरलचं काम करतोय, म्हणून बांधकामाच्या बाजूने लिहितो. यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडून आधार असतो. वजन पडलं की तो मध्ये खाली झुकू बघतो, ताण खालच्या अंगाला बसतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली घालतात. गॅलरीचा स्लॅब एका बाजूने इमारतीत घट्ट आणि दुसरीकडे अधांतरी असतो. तो पुढून झुकू बघतो, म्हणजे ताण वरच्या अंगाला. त्यामुळे गॅलरीची मुख्य सळई वर हवी, आणि ती आतल्या स्लॅबमध्ये लांबवर नेऊन अडकवायला हवी.

आता साइटवर काय होतं ते बघा. स्लॅब ओतायच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्या जाळीवरूनच ये-जा करतात. सळई वर उचलून धरायला वाकवलेल्या सळईच्या 'चेअर' घालतात. त्या कमी पडल्या की जाळी दबून तळाला जाते. वरून काँक्रीट पडलं की कुणाला काही दिसत नाही. नकाशा बरोबर, सळई बरोबर, पण जागा चुकली, आणि मग ती सळई जवळजवळ निरुपयोगी. मी अजूनही ओतकामाच्या दिवशी गॅलरीच्या टोकाशी स्वतः उभा राहतो आणि तिथे कुणाला पाय ठेवू देत नाही. माझ्या उमेदवारीत एका इमारतीची गॅलरी सेंटरिंग (खालचा तात्पुरता आधार) काढल्या काढल्या खाली आलेली मी पाहिली आहे. सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

दुसरं, मागाहून गॅलरी बंद करणं. अधांतरी स्लॅबला सर्वांत जड पडतं ते टोकावरचं वजन. तिथेच लोक विटांची भिंत चढवतात, काचा लावतात, बाहेर पेटीसारखी जाळी, जाळीत कुंड्या. चार जण उभे राहावेत म्हणून केलेल्या स्लॅबवर कायमची भिंत येते.

मृद्गंध ताई, तुमच्या बाबतीत नकाशातच ठरतंय, त्यामुळे हॉल केला तरी त्या हिशेबाने तुळया टाकतील. धोका नाही. मग लोक हॉल का मागतात? एक कारण कागदावरचं. रेराच्या, म्हणजे घरबांधणी नियमनाच्या कायद्यात कार्पेट एरिया (घराच्या आतली वापराची जागा) मोजताना गॅलरी धरत नाहीत. जागा हॉलमध्ये गेली की आकडा वाढतो. दुसरं मुंबईचं. पूर्वी मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत गॅलरी एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर किती बांधता येईल त्या हिशेबात, धरत नसत, त्यामुळे बिल्डर ती आवर्जून द्यायचे आणि पुढे बंद करायची परवानगीही पैसे भरून मिळायची. जानेवारी २०१२ च्या बदलात गॅलऱ्या, फुलांचे कट्टे, कोनाडे सगळं एफएसआयमध्ये आलं आणि त्याऐवजी घरांना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, आला. गॅलरीला खोलीइतकाच एफएसआय लागायला लागल्यावर ती कोण बांधणार? मधल्या काही वर्षांतल्या मुंबईच्या इमारती बघा, कितीतरी सपाट काचेच्या आहेत.

काटकोन · मंगळवार, रात्री ११:१०

आर्किटेक्ट आहे. सळईवाला यांच्याशी सहमत. गॅलरी कुठल्या दिशेला आहे?

मृद्गंध · बुधवार, सकाळी ६:५०

पश्चिमेला. रस्त्याकडे.

काटकोन · बुधवार, दुपारी २:३०

मग मुंबईतला जुनाच पेच तुमच्या वाट्याला आलाय. समुद्राचा वारा पश्चिमेकडून, आणि दुपारचं ऊन, पाऊससुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता, राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचा पट्टा. ऊन-पाऊस व्हरांड्याने सोसायचा, वारा आत जाऊ द्यायचा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) हाच व्हरांडा ८४ मीटर उंचीवर नेला. बत्तीस घरं, आणि कोपऱ्यात दोन मजले उंच अशी उघडी बाग कोरून काढलेली. पेडर रोडवरून जाताना वर बघा, इमारतीचे कोपरे चावून घेतल्यासारखे दिसतात. घरं श्रीमंतांची आहेत हे खरं, पण त्यातली युक्ती आपल्या आजोळच्या पडवीचीच आहे.

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींनी हे आणखी साधेपणाने केलं. गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवईसारखे पुढे आलेले छज्जे. २०१८ मध्ये या इमारतींना, ओव्हलपलीकडच्या व्हिक्टोरियन इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. त्यातल्या कितीतरी गॅलऱ्यांना आता काचा आहेत, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

तर सल्ला असा: पश्चिमेची चार फूट गॅलरी म्हणजे तुमच्या हॉलची छत्री. ती काढलीत तर ऊन थेट सोफ्यावर येईल, मग पडदे, मग एसी. गटात हे सांगून बघा. आठवणींनी मतं फिरली नाहीत तरी विजेच्या बिलाने फिरतील.

श्रावणसरी · बुधवार, रात्री ११:५५

बर्लिनहून. इथे घर भाड्याने घेताना 'बाल्कन (गॅलरी) आहे का' हा पहिल्या तीन प्रश्नांतला एक. क्षेत्रफळ मोजायच्या इथल्या नियमात गॅलरी सहसा एक चतुर्थांश धरतात, फार तर निम्मी. म्हणजे भारतात शून्य, इथे पाव! हिवाळ्यात ती नुसती बर्फाची पेटी असते. पण एप्रिलमध्ये पहिलं ऊन पडलं की सगळी इमारत एकदम गॅलरीत उगवते. पाच महिने ज्यांचं तोंड पाहिलं नाही ते शेजारी कॉफीचा कप वर करून दाखवतात.

दोन वर्षांपासून आमच्या कठड्याला सौर पत्रे टांगलेत. २०२४ पासून ८०० वॅटपर्यंतचे असे संच साध्या नोंदणीवर लावता येतात. आमचा फ्रिज दिवसा त्यावरच चालतो. चैत्रात त्या पत्र्यांशेजारी मी गुढी उभारते. समोरच्या आजी दर वर्षी तिचा फोटो काढतात आणि खाली भेटल्या की विचारतात, "या वर्षी साडी कोणत्या रंगाची?"

मृद्गंध · शनिवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे आभार. चार संध्याकाळी आईला एकेक करून सगळं वाचून दाखवलं. झरोका-दर्शनावर ती लाजली. मोरिसोच्या चित्रातल्या मुलीवर तिने बराच वेळ फोन धरला.

काटकोन यांचा पश्चिमेच्या उन्हाचा मुद्दा गटात टाकला आणि खरंच तीन घरं फिरली. अठरापैकी सोळा उत्तरं आली आहेत, नऊ गॅलरीकडे, सात हॉलकडे. एक मत कमी आहे. उरलेल्या दोघांपैकी एक तळेगावला असतात, त्यांना आई आज संध्याकाळी स्वतः फोन करणार आहे. त्यांच्या बायकोला गॅलरीतल्या शेवंतीचं फार वेड होतं म्हणे.

आईने एक प्रश्न विचारलाय, तो जाणकारांसाठी. खुब्यानंतर तिला फार वेळ उभं राहवत नाही. नकाशात कठडा म्हणजे साडेतीन फुटांची भरीव भिंत दाखवली आहे. ती म्हणते, "मी खुर्चीवर बसल्यावर मला रस्ता दिसणार का? आणि रस्त्यावरून मी?"

चाफेकळी · शनिवार, दुपारी ४:४०

आईंना आणखी एक चित्र दाखवा. गुस्ताव काईबोत, १८८०. आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. जवळजवळ सगळा कॅनव्हास बाल्कनीच्या लोखंडी नक्षीनेच भरलाय आणि तिच्या फटींतून खाली पॅरिसच्या रस्त्याचे तुकडे दिसतात. कठड्यामागे खाली बसलेल्या माणसाला जसं दिसेल अगदी तसं.

सळईवाला · शनिवार, संध्याकाळी ६:३०

भरीव भिंत बदलून उभ्या गजांचा कठडा मागा. तो टोकावर हलकाही पडतो. आडव्या पट्ट्यांचा नको, लहान मुलं त्यावर शिडीसारखी चढतात. उभे गज, मुलाचं डोकं जाणार नाही एवढ्या फटी, खाली चार इंचांचा उंबरठा, म्हणजे वस्तू घरंगळून खाली पडणार नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण पावणेचार फुटांवर येते आणि रस्ता खालच्या अंगाला असतो, त्यामुळे भरीव भिंतीवरून समोरच्या इमारतीच्या वरच्या खिडक्याच दिसतील. गजांतून रस्ता दिसेल.

हे पत्रात आजच लिहून द्या, नकाशा मंजुरीला गेल्यावर बदलायला त्रास होतो. आणि आकाशकंदिलाचा हूक कुठे हवाय तेही आईंना विचारून ठेवा. स्लॅब ओतायच्या आधी सांगितलंत तर आत ठेवून देतील, नंतर ड्रिल मारून भोक पाडावं लागतं.

मृद्गंध · शनिवार, रात्री ९:५०

विचारलं. मधोमध नकोय, डाव्या कोपऱ्यात हवाय. समोरच्या काकू आता त्यांच्या मुलाबरोबर त्या बाजूच्या इमारतीत राहायला गेल्यात.